पोक्त मांजराचे घर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडन हे जगातील सर्वांत मोठे शहर होते. त्याच्या रस्त्यांतून घोडागाड्या अहोरात्र धावत असत आणि त्याच रस्त्यांतून धन्याला पारखी झालेली असंख्य कुत्री अन्नावाचून हिंडत असत. त्यांच्याकडे वळून पाहण्यास कोणाला सवड नव्हती. अशा वेळी, इ. स. १८६० मध्ये, मेरी टील्बी नावाच्या साठीकडे झुकलेल्या एका बाईने शहराच्या उत्तरेस हॉलोवे या भागात, एका तबेल्यात, हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी आश्रयगृह उघडले. लोकांना हा शुद्ध वेडाचार वाटला. असली संस्था काढणाऱ्यांची बुद्धी ठिकाणावर आहे काय, अशी शंका 'टाइम्स' या मातबर वृत्तपत्राने बोलून दाखविली. मेरीबाईंनी आपले काम सोडले नाही. परंतु त्या कामाची वाढ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८६५ साली त्यांचे देहावसान झाले. पुढे १८७१ साली ही संस्था थेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील बॅटरसी या वस्तीत गेली आणि त्या वस्तीच्याच नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. १८८३ सालापासून तेथे मांजरांनाही आसरा मिळू लागला.

अशा आश्रयगृहात मांजर येते ते बहुधा काही अपराध केल्यामुळे नव्हे. कोणाची वृद्ध मालकीण निवर्तते, कोणाचे बिऱ्हाड दूरदेशी हलते, कोणाच्या घरी आजारपण येते. काही मांजरे तर कधीच कोणाची नसतात. जागा मिळते, अन्न मिळते, औषधपाणी होते. त्यानंतर घर मिळण्याची वाट पाहणे सुरू होते, आणि येथेच सर्वांचे दैव सारखे नसते. मांजर न्यावयास आलेली मंडळी प्रथम पिल्लांच्या पिंजऱ्यापुढे उभी राहतात. लोकरीच्या गुंड्यासारखी ती पिल्ले, त्यांचे ते कोलांटणे, शेपटीमागे गरगर फिरणे! पाहणाऱ्याचे भान हरपावे यात नवल नाही. चारसहा दिवसांत पिल्लांना घरे मिळून जातात. शेजारच्या पिंजऱ्यातील आठदहा वर्षांचे मांजर मात्र पाय पोटाशी घेऊन बसलेले असते. ते नाचत नाही, बागडत नाही. नवख्या माणसाला पाहून कित्येकदा पाठ फिरवते. त्याची पाठ पाहून लोक पुढे जातात.

पिल्लाची निवड करणारा माणूस वस्तुतः एका अज्ञात प्राण्याची निवड करीत असतो. मांजराचे बाल्य सहाआठ महिन्यांत सरू लागते आणि वर्षभरात ते प्रौढ होते. त्यापुढे ते बारापंधरा वर्षे, क्वचित वीस वर्षेही जगते. म्हणजे ज्या बाललीलांसाठी पिल्लू आणले, त्या त्याच्या आयुष्याचा फार लहानसा भाग होत. हे पिल्लू पुढे लडिवाळ निघेल की एकलकोंडे, मांडीवर येऊन बसेल की स्पर्शही सहन करणार नाही, हे त्या वयात पुरते सांगता येत नाही. पोक्त मांजराचा स्वभाव मात्र घडून गेलेला असतो. आश्रयगृहातील सेवक सांगू शकतात, की याला मुलांचा गलबला खपत नाही, त्याला दुसरे मांजर चालत नाही, अमक्याला कोणी कानामागे खाजविले की तो तासभर हलत नाही. ज्या घरात वृद्ध माणसे आहेत, त्या घराला पडद्यावर चढणाऱ्या पिल्लापेक्षा असा शांत सोबती अधिक मानवतो.

विकत घेण्याच्या पिल्लांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाजारात मागणी रूपाची असते, आणि रूपाची किंमत कित्येकदा त्या मुक्या जिवाला मोजावी लागते. १९६१ साली स्कॉटलंडमधील एका शेतावर दुमडलेल्या कानांची एक मांजरी आढळली. ते रूप लोकांना इतके भावले, की तिच्या वंशातून एक जातच तयार करण्यात आली. कान दुमडण्याचे कारण अंगातील कूर्चेचा जन्मजात दोष हे होय. हा दोष केवळ कानापुरता राहत नाही. पाय व शेपटी यांच्या सांध्यांतही तो उतरतो आणि चालणे वेदनामय करून सोडतो. चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरांनाही श्वासाचा त्रास होतो व त्यांच्या डोळ्यांतून सतत पाणी वाहते. सर्वच विक्रेते निष्ठुर असतात असे नव्हे. तथापि ज्यांना केवळ सोबती हवा आहे, त्यांनी अशा रूपासाठी पैसे का मोजावेत, हे समजणे कठीण आहे.

बॅटरसीच्या एका पोक्त बोक्याने तर मोठेच नाव मिळविले. २०११ च्या जानेवारीत ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोरून, म्हणजे १०, डाउनिंग स्ट्रीट येथील त्या प्रसिद्ध काळ्या दरवाजापुढून, एक उंदीर तुरुतुरु पळत गेला. दूरदर्शनच्या पडद्यावर तो साऱ्या देशाने पाहिला! लगोलग फेब्रुवारीत बॅटरसीहून लॅरी नावाचा बोका आणण्यात आला. त्या वेळी तो सुमारे चार वर्षांचा होता, म्हणजे माणसाच्या हिशोबाने त्याने तिशी ओलांडली होती. पूर्वी तो रस्त्यावर भटकणारा होता. त्याला मुख्य मूषकहर अशी पदवी मिळाली. प्रारंभी त्याने उंदीर मारण्यात फारशी तत्परता दाखविली नाही, म्हणून वृत्तपत्रांनी त्याला आळशी ठरविले. परंतु कोणीही त्याला परत पाठविले नाही. २०१६ च्या जुलैत पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी पद सोडले, तेव्हा त्यांचे सामान निघाले, लॅरी राहिला. हा बोका कोणा एका कुटुंबाचा नसून त्या वास्तूचा आहे, असे ठरले होते. २०२४ च्या जुलैत कीर स्टार्मर आले, ते लॅरीने पाहिलेले सहावे पंतप्रधान होत.

पोक्त मांजर घरी आणणे म्हणजे सर्व सुखच, असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या सहवासाची वर्षे मोजकी असतात. उतारवयात मांजराचे दात खराब होतात, मूत्रपिंडे दुर्बल होतात, सांधे धरतात. पशुवैद्याकडे वारंवार जावे लागते, आणि तो खर्च सर्वांना झेपत नाही. ज्याला तो झेपणार नाही, त्याने मांजर न नेणे हेच त्या मांजराच्या हिताचे.

मांजरी आपली पिल्ले सात घरे फिरविते, असे आपल्याकडे म्हणतात. पोक्त मांजराला मात्र आपल्या एका घराचा कोपरान्‌कोपरा पाठ झालेला असतो, आणि ते घर सुटले की ते गांगरून जाते. म्हणून जाणते लोक त्याला आल्याबरोबर सारे घर हिंडू देत नाहीत. एका निवांत खोलीत त्याचे अन्न, पाणी, मातीचे पात्र आणि लपण्यास एखादे खोके ठेवतात. दूध ठेवण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु वाढत्या वयात बहुतेक मांजरांना दूध पचेनासे होते, त्यांचा खरा आहार मांस व मासे हा होय. पहिले दोनचार दिवस ते कपाटाखालून बाहेर येत नाही, रात्री कोणी नसताना खाते. त्याला ओढून काढणे, उचलून घेणे, टक लावून पाहणे हे सर्व वर्ज्य. खोलीत बसून हळू आवाजात पुस्तक वाचले तरी पुरे. आवाजाची ओळख होत जाते. मांजर आपले नाव इतर शब्दांतून वेगळे ओळखू शकते, असे जपानी संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले आहे. तेव्हा जुने नाव ठाऊक असेल तर तेच ठेवणे बरे.

मांजर डोळे मिटून दूध पिते, या म्हणीने त्या बिचाऱ्याला लबाड ठरविले आहे. परंतु माणसाने मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले-उघडले, तर मांजरही तसेच उत्तर देते आणि जवळ येण्यास अधिक राजी होते, असे इंग्लंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळून आले. कपाटाखालच्या अंधारात दोन हिरवे डोळे चमकत असतात. समोर जमिनीवर बसलेले मूल आपले डोळे हळूच मिटते, क्षणभर थांबते, उघडते. पहिल्या दिवशी काही घडत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्यापाचव्या दिवशी ते हिरवे डोळे अर्धवट मिटतात, आणि थोड्या वेळाने एक पाऊल कपाटाबाहेर पडते.