पाय वाचविण्याची विद्या

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातील इयत्ता नववीचा एक विद्यार्थी गुडघ्याच्या वर दुखते म्हणून माझ्याकडे आला. कबड्डीत मार बसला असावा, असे समजून मी त्यास तेल चोळावयास सांगितले. दोन महिन्यांनी सूज दिसली, तेव्हा एक्स-रे काढला. निदान झाले ते हाडाच्या कर्करोगाचे. ते दोन महिने मला आजही सलतात. म्हणूनच इतिहासाचा शिक्षक असूनही हा विषय मी अभ्यासला व तो पालकांपुढे ठेवीत आहे.

ऑस्टिओसारकोमा हा रोग प्रामुख्याने १० ते २० या वाढीच्या वयात आणि बहुधा गुडघ्याजवळच्या हाडात होतो. १९७० पूर्वी पाय कापणे हाच मुख्य उपाय होता. तरीही पाचांतील सुमारे चार रुग्ण दगावत. केमोथेरपीने हे चित्र पालटले. रोग अन्यत्र पसरलेला नसेल, तर आज दहांपैकी सहा-सात रुग्ण वाचतात आणि बहुतेकांचा पायही राखता येतो.

मात्र गाठीबरोबर सभोवतालचे थोडे निरोगी हाडही काढावे लागते. मोडलेले हाड शरीर सांधते. पण दहा-पंधरा सेंटिमीटरची पोकळी ते आपण होऊन भरू शकत नाही. ती भरण्याचे मार्ग अनेक आहेत. पहिला, धातूचा कृत्रिम सांधा. रुग्ण लवकर चालू लागतो. पण सांधा झिजतो, क्वचित जंतुसंसर्ग होतो. दुसरा, रुग्णाच्याच पायातील नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून पोकळीत बसविणे. हे हाड जिवंत असल्याने जुळते व भार पडेल तसे जाड होत जाते. तिसरा, गाठीचे हाड बाहेर काढून, स्वच्छ करून, त्यावर तीव्र किरणोत्सर्गाचा मारा करून तेच पुन्हा जागी बसविणे. माप अचूक जुळते. परंतु हाड मृत असल्याने जुळण्यास अनेक महिने लागतात. चौथा, मृत्यूनंतर दान केलेले हाड वापरणे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून त्यासाठी ऊतिपेढी आहे.

सायबेरियातील कुर्गान येथील डॉ. इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात आणखी एक मार्ग दाखविला. हाड कापून बाहेरील कड्यांच्या साहाय्याने दिवसाला १ मिलिमीटर ताणले, तर मधल्या जागेत नवे हाड तयार होते. १० सेंटिमीटरसाठी केवळ ताणण्यासच शंभर दिवस लागतात. ते घट्ट होण्यास त्याहून अधिक काळ जातो. केमोथेरपी चालू असता ही वाढ मंदावते, म्हणून कर्करोगात हा मार्ग निवडक रुग्णांसाठीच असतो.

यांपैकी कोणता मार्ग खुला राहील, हे बव्हंशी निदान किती लवकर होते यावर ठरते. म्हणून पालकांना व वसतिगृहप्रमुखांना विनंती : दुखणे दोन-तीन आठवडे थांबत नसेल, रात्री झोपमोड करीत असेल किंवा सूज असेल, तर चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका, एक्स-रे काढा. गाठीचा तुकडाही जेथे पुढील शस्त्रक्रिया होणार तेथेच तपासावयास काढावा. चुकीच्या जागी घातलेल्या सुईमुळे वाचण्याजोगा पायही गमवावा लागू शकतो.

तो विद्यार्थी आता कबड्डी खेळू शकत नाही. परंतु दरवर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यास तो स्वतःच्या दोन्ही पायांनी चालत येतो.