टाचेच्या भेगा, घट्टे आणि विजेची कानस

भात हे ठाणे जिल्ह्यातील खरीप हंगामाचे मुख्य पीक होय. मुरबाड, शहापूर, भिवंडी व कल्याण या तालुक्यांत चिखलणी आणि लावणीची कामे बहुधा अनवाणी पायांनीच केली जातात. बैलाच्या खुरात काटा मोडला तर शेतकरी तो त्याच दिवशी काढतो; स्वतःच्या टाचेला पडलेली भेग मात्र महिनोन् महिने तशीच राहू देतो. अशी भेग दुखते, चालण्यात अडथळा आणते, आणि पावसाळ्यात तीच रोगजंतूंचा दरवाजा होते. म्हणून पायांच्या निगेला शेतीच्या कामांतच स्थान दिले पाहिजे.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील सौंदर्य प्रसाधनगृहांत पायाचे घट्टे विजेच्या कानशीने, पाय कोरडे ठेवून घासण्याची पद्धत आढळते. बॅटरीवर चालणारी लहान यंत्रेही बाजारात मिळतात. शेतकरी कुटुंबास या पद्धतीचा उपयोग कितपत आहे व तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार येथे केला आहे.

घट्टा का पडतो ?

तळव्याची कातडी शरीरातील सर्वांत जाड कातडी होय. एकाच जागी वारंवार दाब किंवा घर्षण झाले, की तेथील कातडीचे बाह्य थर अधिक वेगाने तयार होऊन साचतात व घट्टा बनतो. अनवाणी चालणाऱ्याचे खडे व धसकटे यांपासून रक्षण करणारे ते नैसर्गिक चिलखतच आहे. कुरूप याहून वेगळे असते. त्याच्या मध्यभागी कठीण गाठ असून ती आत रुतते व दाबल्यास तीव्र वेदना होते.

तळव्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी असतात, परंतु तेलाच्या ग्रंथी नसतात. त्यामुळे भातकापणीनंतर थंडीची कोरडी हवा सुरू होताच टाचेची जाड कड ताठर होते. चालताना शरीराचा भार पडून टाच पसरते. ताठर कड पसरू शकत नाही, म्हणून ती फाटते. भेग पडते ती अशी. यावरून उपायाचे दोन भाग सहज ध्यानात येतात : वाजवीपेक्षा जाड झालेली कड कमी करणे आणि कातडीतील ओलावा टिकविणे.

कोरडेच का घासावे ?

आपल्याकडे पाय घासण्यासाठी वज्री फार पूर्वीपासून वापरात आहे. न्हाणीत पाय भिजवून वज्रीने घासण्याची रीत घरोघरी परिचित आहे. विजेच्या कानशीचे काम तत्त्वतः तेच आहे. तिची चकती किंवा रूळ मात्र वेगाने फिरतो. भिजलेली कातडी फुगते व मऊ पडते. मेलेला थर कोठे संपला आणि जिवंत कातडी कोठे सुरू झाली, हे अशा स्थितीत ओळखता येत नाही. हाताच्या वज्रीने चूक झाली तर ती थोडी होते; फिरत्या यंत्राने क्षणात खोल जखम होते. कोरड्या पायावर घट्ट्याची कड स्पष्ट दिसते व निघालेला भुसा पाहून किती घासले याचा अंदाज येतो. शिवाय ओल्या हातापायांनी विजेचे यंत्र हाताळणे केव्हाही धोक्याचे.

पाय बुडविण्याच्या सामाईक टबाचाही धोका आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २००० साली एका प्रसाधनगृहातील पाय धुण्याच्या टबांमुळे शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवे उठली. टबाच्या जाळीत साचलेल्या मळात जंतू वाढले होते. कोरड्या पद्धतीत हा धोका टळतो. तथापि एका गिऱ्हाइकासाठी वापरलेली घासणारी चकती दुसऱ्यासाठी कदापि वापरू नये, व धातूची अवजारे प्रत्येक वेळी निर्जंतुक केलेली असावीत. घरातील यंत्राचा रूळही प्रत्येकाचा स्वतंत्र ठेवावा.

घासण्याची रीत

१. पाय साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह पूर्ण कोरडे करावेत व उजेडात नीट तपासावेत.

२. बारीक दाण्याची चकती घेऊन यंत्र कमी वेगावर चालवावे. नाकातोंडावर कापड किंवा मुखपट्टी बांधावी. उडणारा भुसा श्वासावाटे आत जाऊ देऊ नये.

३. यंत्र न दाबता, सतत हलते ठेवून घासावे. एकाच जागी टेकविल्यास कातडी तापते व भाजते. ऊब लागताच किंवा कातडी गुलाबी दिसू लागताच थांबावे.

४. घट्टा मुळापासून काढू नये. पातळ थर राखावा. सारा घट्टा एकाच दिवशी काढण्याचा हट्ट धरल्यास पाय हुळहुळे होतात व शेतात पाऊल टाकवत नाही. काही दिवसांच्या अंतराने थोडे थोडे घासावे.

५. भेगेच्या दोन्ही बाजूंच्या कठीण कडा हलक्या हाताने उतरवाव्यात. रक्त येत असलेल्या भेगेला यंत्र लावू नये.

६. भुसा पुसून युरियायुक्त मलम, पेट्रोलियम जेली किंवा कोकणात मुठेल म्हणून ओळखले जाणारे कोकमाचे तेल चोळावे व रात्री सुती मोजे घालावेत. बोटांच्या बेचक्यांत मात्र मलम लावू नये.

यंत्र नसल्यास काही अडत नाही. कोरड्या पायावर वज्री हलक्या हाताने फिरवून व रोज रात्री तेल लावून तेच काम साधते. वेळ अधिक लागतो इतकेच. दाढीच्या पात्याने घट्टा कापणे किंवा भेगेत गरम मेण भरणे हे प्रकार सर्वस्वी वर्ज्य समजावेत. तसेच घट्ट्याचे कारण दूर न केल्यास तो पुन्हा होतो. चावणारी, आखूड किंवा कडक प्लास्टिकची पादत्राणे बदलणे हा उपचाराचाच भाग आहे.

यंत्र कोणी वापरू नये ?

मधुमेह असलेल्या, तसेच कुष्ठरोगामुळे पाय बधिर झालेल्या व्यक्तींनी घरी किंवा प्रसाधनगृहात ही कानस वापरू नये. पायाला संवेदना नसल्यास जखम झाल्याचे कळत नाही; ती चिघळते व प्रसंगी पाय गमवावा लागतो. अशा व्यक्तींच्या घट्ट्याखालीही जखम दडलेली असू शकते. त्यांनी घट्टा डॉक्टरांनाच दाखवावा. तळव्यावर किंवा अन्यत्र बधिर चट्टा आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. कुष्ठरोगावरील औषध तेथे विनामूल्य मिळते. चिखल्या झालेल्या बेचक्या, चामखीळ, गळू व ताजी जखम यांवरही यंत्र चालवू नये.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरे इत्यादी प्राण्यांच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात येतात आणि फाटलेल्या कातडीतून, तसेच डोळे, नाक व तोंड यांवाटे शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईसह ठाणे, कल्याण हा परिसर जलमय झाला. त्यानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली. भातखाचरातील पाणी आणि गोठ्यातील चिखल येथेही हाच धोका असतो. पायाची भेग त्यास वाट करून देते.

म्हणून भेगांचा उपचार हिवाळ्यातच सुरू करून पावसाळ्यापूर्वी त्या भरून आणाव्यात. लावणी तोंडावर आली असता घट्टे घासू नयेत. नुकतीच उघडी पडलेली कोवळी कातडी चिखलात घालणे हानिकारक आहे. लावणीच्या दिवसांत घरी येताच पाय स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन कोरडे करावेत. खाचराच्या चिखलात गमबूट रुततात हे खरे. परंतु गोठा साफ करताना व खत वाहताना ते अवश्य घालावेत. धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी. चिखलातील कामानंतर महिन्याच्या आत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे किंवा कावीळ ही लक्षणे दिसल्यास विलंब न लावता आरोग्य केंद्र गाठावे व चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या रोगात लवकर सुरू केलेला उपचार प्राण वाचवितो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रब्बीच्या सभांत बियाणे व खते यांच्याबरोबर हा विषयही घ्यावा. सभेला आलेल्या स्त्रीपुरुषांना आपापली टाच पाहण्यास सांगावे व भेगा असलेल्यांना निगेची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. लावणीच्या कामाचा मोठा भार स्त्रिया उचलतात, आणि पायाचे दुखणे अंगावर काढण्याची सवयही त्यांनाच अधिक असते. त्यांच्यापर्यंत ही माहिती प्रथम पोहोचली पाहिजे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी शेतकरी बांध दुरुस्त करून घेतो. टाचेची भेगही त्याच सुमारास भरलेली असावी.