गोळ्यांविना एचआयव्ही आटोक्यात?

प्रश्न : आमच्या गावातल्या एका गृहस्थांना एचआयव्ही असल्याचं बऱ्याच वर्षांपूर्वी कळलं. एआरटीची (एचआयव्हीवरच्या औषधांची) एकही गोळी न घेता ते ठणठणीत आहेत आणि हा एका वैद्यांच्या काढ्याचा गुण असल्याचं सांगतात. काही जणांचं शरीरच या विषाणूला आवरतं, असंही कुठंसं वाचलं. खरं काय?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : शरीर आवरतं हे खरं. पण या गृहस्थांचं तसंच आहे की नाही, ते नुसतं बघून कळणार नाही. उपचार न घेणाऱ्याला लागणीपासून एड्सपर्यंत पोचायला साधारण आठ-दहा वर्षं लागतात आणि त्यातला बराच काळ माणूस धडधाकट दिसतो. आतून प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी घटत असतात. काढा सुरू असतानाही ही वर्षं तशीच जातात आणि श्रेय मात्र काढ्याला मिळतं.

औषधाशिवाय ज्यांच्या एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या ५० प्रतीही सापडत नाहीत, त्यांना ‘एलिट कंट्रोलर’ म्हणतात. बाधितांमध्ये असे लोक शंभरात एकही भरत नाहीत. बॉब मॅसी हे अमेरिकी राजकारणी त्यातले एक. त्यांना हिमोफिलिया होता आणि रक्त गोठवणाऱ्या औषधातून १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांना लागण झाली. १९९०च्या दशकात बोस्टनचे संशोधक ब्रूस वॉकर यांनी त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात एचआयव्हीविरुद्ध सरसावणाऱ्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) भरपूर सापडल्या.

पुढे वॉकर आणि सहकाऱ्यांनी सुमारे एक हजार कंट्रोलर आणि अडीच हजारांहून जास्त इतर रुग्ण यांची जनुकं ताडून पाहिली. २०१० साली निकाल आला. फरकाचा धागा एचएलए जनुकांपाशी, त्यातही ‘एचएलए-बी’पाशी पोचत होता. पेशीच्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर आणून टी-पेशींना दाखवणं हे एचएलए रेणूंचं काम. तुकडा बसतो त्या खाचेची घडण माणसागणिक वेगळी, म्हणून कोणता तुकडा पुढे येणार हेही वेगळं. बी-५७ आणि बी-२७ या प्रकारांच्या खाचेत विषाणूच्या कवचाचे नेमके नाजूक तुकडे बसतात. एरवी एचआयव्ही रूप पालटून टी-पेशींना चकवतो. पण भिंतीचा रंग बदलणं वेगळं आणि आढं काढणं वेगळं. या जागी बदल केला तर विषाणू स्वतःच लुळा पडतो.

म्हणजे या लोकांची प्रतिकारशक्ती सरसकट ‘जास्त’ नसते, तिची पकड योग्य जागी बसलेली असते. तिची किंमतही असते. बी-२७चा संबंध संधिवाताशीही आहे; कंबर आखडणाऱ्या तरुणांना त्याचे डॉक्टर हीच तपासणी करायला सांगतात. आणि बी-५७चा एक प्रकार असलेल्यांना अबॅकॅविर या एचआयव्हीच्याच औषधाची जिवावर बेतणारी रिअॅक्शन येऊ शकते! शिवाय ही जनुकं असूनही अनेकांचा विषाणू आटोक्यात राहत नाही, आणि काही कंट्रोलरांकडे ती नसतातही.

२०२० साली ‘नेचर’मध्ये ६४ एलिट कंट्रोलरांचा अभ्यास आला. विषाणू स्वतःची जनुकं माणसाच्या पेशीच्या डीएनएत खुपसतो. या लोकांमध्ये शाबूत उरलेला विषाणू बऱ्याचदा डीएनएच्या अशा निद्रिस्त भागांत होता, जिथून त्याला सहसा डोकं वर काढता येत नाही. गजबजलेल्या जागी बसलेले विषाणू असलेल्या पेशी बहुधा टी-पेशींनीच वर्षानुवर्षं वेचून मारल्या. कॅलिफोर्नियातल्या एका बाईंच्या तर दीडशे कोटी पेशी चाळूनही एकही शाबूत विषाणू हाती लागला नाही. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनातल्या एका महिलेबद्दलही तसंच प्रसिद्ध झालं. आपल्याकडे पुण्यात भोसरीच्या तेव्हाच्या ‘नारी’ (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) इथेही दीर्घकाळ बिनऔषधी टिकलेल्या रुग्णांच्या प्रतिकारशक्तीवर काम झालेलं आहे.

पण बहुतेक कंट्रोलरांच्या शरीरात विषाणू असतोच. त्याच्याशी झुंजताना दाह धुमसत राहतो, हृदयविकाराची शक्यता वाढलेली दिसते आणि काहींचा ताबा पुढे सुटतो.

तेव्हा त्या गृहस्थांना जिल्ह्याच्या एआरटी सेंटरवर जाऊन सीडी-४ आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) या तपासण्या करून घ्यायला सांगा. दोन्ही मोफत होतात. २०१७पासून आपल्याकडे धोरणही असं आहे, की सीडी-४ कितीही असो, निदान झालं की गोळ्या सुरू करायच्या. व्हायरल लोड खरंच ५०च्या आत निघाला, तर तिथले डॉक्टरही चकित होतील. मग गोळ्यांचं त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं, आणि काढा चालू असेल तर त्यात काय-काय आहे तेही सांगावं.