मालवाहू पिकअप : सोयी आणि साधेपणा

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात गिंडी नावाचे उपनगर आहे. मद्रासमध्ये १७९४ साली भूमापन शिकविण्यासाठी जी शाळा निघाली, तिच्यातून वाढलेले अभियांत्रिकी महाविद्यालय येथे आहे. लहान कारखानदारांसाठी उभारलेली जुनी औद्योगिक वसाहत येथे आहे. आणि येथेच सरदार पटेल रस्त्यावर, मालमोटारी बनविणाऱ्या अशोक लेलँड कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. नव्या मालवाहू गाडीत सोयी किती असाव्यात आणि ती साधी किती असावी, या प्रश्नाचा विचार करण्यास हे स्थान योग्य होय.

पिकअप म्हणजे पुढे चालकाची खोली आणि मागे उघडा हौदा असलेली लहान मालमोटार. भाजी, दूध, विटा, सिमेंट असा माल ती गावातून बाजारात आणि बाजारातून गल्लीबोळांत पोहोचविते. तिचा मालक बहुधा स्वतःच चालक असतो. गाडी एक दिवस उभी राहिली, तर त्या दिवसाची मिळकत बुडते; कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून गाडीतील प्रत्येक अधिक भागाकडे तो दोन दृष्टींनी पाहतो : हा भाग माझे श्रम किती वाचवील, आणि तो बिघडला तर कोण दुरुस्त करील?

एकाच गाडीची तीन रूपे

२०११ साली अशोक लेलँडने जपानच्या निस्सान कंपनीच्या सहकार्याने ‘दोस्त’ नावाची पिकअप बाजारात आणली. ती तामिळनाडूतील होसूर येथे तयार होऊ लागली. तिचे डिझेल इंजिन तीन सिलिंडरांचे व सुमारे दीड लिटर क्षमतेचे होते, आणि ती सव्वा टन माल वाहू शके. ही गाडी तीन प्रकारांत मिळे. सर्वांत साध्या प्रकारात पॉवर स्टिअरिंग नव्हते. सर्वांत वरच्या प्रकारात त्याच्या जोडीला वातानुकूलनही होते. म्हणजे निवड ग्राहकावर सोपविली होती.

पॉवर स्टिअरिंग ही चैन आहे काय? भरलेली गाडी मंद गतीने वळविताना टायर आणि रस्ता यांमधील घर्षण चालकाच्या हातांना झेलावे लागते. महामार्गावर हा ताण जाणवत नाही. परंतु बाजाराच्या गर्दीत दिवसातून शेकडो वेळा चाक फिरविणाऱ्याच्या खांद्यांना तो जाणवतो. तेव्हा एखादी सोय आवश्यक की अनावश्यक, हे त्या सोयीकडे पाहून ठरत नाही. काम कोणते, यावर ते ठरते.

इंजिनातील बदल

जुन्या डिझेल इंजिनात तेलाचा पंप इंजिनाच्या गतीबरोबर फिरे आणि प्रत्येक सिलिंडरला ठराविक क्षणी तेल पुरवी. कुशल मिस्त्री हा पंप खोलून पुन्हा जुळवू शके. नव्या ‘कॉमन रेल’ पद्धतीत तेल एका समाईक नळीत हजार वातावरणांहून अधिक दाबाखाली साठविलेले असते, आणि विद्युत्-नियंत्रक ते अचूक क्षणी, अचूक मात्रेत सोडतो. त्यामुळे ज्वलन चांगले होते व धूर कमी निघतो. परंतु तेलातील बारीक कचराही या यंत्रणेस अपाय करतो, आणि दोष शोधण्यास केवळ पाना पुरत नाही, वेगळे उपकरण लागते. त्या उपकरणाने दोषाचा माग लवकर लागतो हे खरे. पण ते जवळपास असले तरच.

साधेपणाची मर्यादा

साधेपणा कोठपर्यंत टिकतो, हे अवजड मालमोटारींच्या उदाहरणाने स्पष्ट होते. एप्रिल २०१७ पासून देशभर ‘भारत स्टेज ४’ हे धुराचे मानक लागू झाले. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी अनेक उत्पादकांनी धुरात युरियाचे द्रावण फवारण्याची पद्धत स्वीकारली. या द्रावणापासून अमोनिया निर्माण होतो, आणि त्याच्या योगाने ऑक्साइडांचे नायट्रोजन व पाणी यांत रूपांतर होते. अशोक लेलँडने मात्र निराळा मार्ग धरला. जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा सिलिंडरात घेतला की ज्योतीचे तापमान उतरते आणि ऑक्साइडे मुळातच कमी होतात. या पद्धतीत युरियाची टाकी लागत नाही.

हा उपाय सुटसुटीत होता. परंतु १ एप्रिल २०२० रोजी ‘भारत स्टेज ६’ आले. अवजड इंजिनांसाठी या ऑक्साइडांची मर्यादा दर किलोवॅट-तासास ३.५ ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमवर उतरली. एवढी घट केवळ जुन्या युक्तीने साधणे कठीण होते; युरियाचे द्रावण आणि काजळीची गाळणी यांचा आश्रय घ्यावा लागला. येथे निवड ग्राहकाच्या हाती राहिली नाही, आणि ते योग्यच होते. धूर मालकापुरता राहत नाही. रस्त्याकडेच्या शाळेतील मुलेही तोच श्वासावाटे घेतात.

वातानुकूलनाचेही असेच आहे. साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या नव्या मालमोटारींत १ ऑक्टोबर २०२५ पासून चालकाची खोली वातानुकूलित असणे बंधनकारक झाले. लहान पिकअप या नियमाबाहेर आहेत. चेन्नईच्या उन्हाळ्यात त्यांच्या चालकाला होणारा ताप मात्र तितकाच असतो.

साधेपणाची ओढ केवळ भारतातच आहे असे नाही. २०२३ साली टोयोटा कंपनीने थायलंडमध्ये साधी, हौदा हवा तसा बांधून घेता येईल अशी पिकअप आणली. २०२५ साली अमेरिकेत हाताने काचा फिरविण्याची आणि पडदा नसलेली विजेवरील पिकअप लोकांपुढे मांडण्यात आली.

तात्पर्य, सोयींचे तीन वर्ग मानावेत. ब्रेक व धूर यांसंबंधीच्या सोयी इतरांच्या जीवितासाठी असतात. त्यांत काटकसर नसावी. श्रम हलके करणाऱ्या सोयी कामाच्या स्वरूपानुसार निवडाव्यात. केवळ शोभेच्या सोयी मालकाने आपली मिळकत पाहून घ्याव्यात किंवा सोडाव्यात. वाचकांनी आपल्या गावातील एखादी पिकअप निरखून तिच्या भागांची अशी वाटणी करून पाहावी, आणि तिच्या चालकाला व मिस्त्रीलाही त्यांचे मत विचारावे. दोघांची उत्तरे निराळी येतील. ती ताडून पाहणे हाच या विषयाचा उत्तम अभ्यास होय.