सहीआधी पाणी मोजा

माझं माहेर वणी तालुक्यातलं. वर काळी कसदार जमीन, तिच्यात कापूस, आणि खाली कोळसा. क्वीन्सलँडमध्ये डॉल्बी आणि चिंचिला या गावांच्या मधे आम्ही नवरा-बायकोनं जमीन घेतली, तेव्हा उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगासुद्धा ओळखीच्या वाटल्या. ऑस्ट्रेलियाच्या या भागातही काळी माती, कापूस, ज्वारी, आणि खाली कोळसाच. पण आमच्या शेताखालचा कोळसा कुणी खणत नाही. त्याच्यात अडकलेला वायू काढतात. आमच्या रानात या वायूच्या विहिरी आहेत. वायू काढणाऱ्या कंपनीशी करार करावा का, असं विचारणारे अनेक जण भेटतात. त्यांना मी जे सांगते, ते इथं लिहून ठेवते आहे.

आधी ही विहीर करते काय, ते समजून घ्या. कोळशाच्या थरात मिथेन असतो. तो कोळशाच्या कणाकणाला चिकटलेला असतो आणि थरात भरलेल्या पाण्याचा दाब त्याला तिथं धरून ठेवतो. त्यामुळे वायू हवा असेल तर आधी पाणी उपसावं लागतं. दाब उतरला की वायू सुटतो. सुरुवातीला पाणी भरपूर आणि वायू थोडा येतो. पुढं पाणी घटत जातं, वायू वाढतो. कंपनीचा माणूस माहितीपत्रक घेऊन येतो, त्यात हे सगळं असतं, पण चित्रांमध्ये विखुरलेलं. भूजल उपसल्याशिवाय हा धंदा होतच नाही, हे एवढं मनात पक्कं धरून मगच बोलायला बसावं.

लोक मला पहिल्यांदा फ्रॅकिंगबद्दल विचारतात. प्रचंड दाबानं पाणी, वाळू आणि थोडी रसायनं खाली सोडून खडकाला तडे पाडायचे, वाळूनं ते उघडे ठेवायचे, ही ती रीत. अमेरिकेत शेल खडकातला वायू तिच्याशिवाय निघत नाही. आमच्याकडच्या वालून कोळसा थरांना मुळातच बारीक फटी आहेत, त्यामुळे बहुतेक विहिरींना फ्रॅकिंग लागत नाही. बेंझीनच्या कुळातली रसायनं फ्रॅकिंगच्या द्रवात वापरायला क्वीन्सलँडनं २०१० मध्येच बंदी घातली. तरीही करारात लिहून घ्या: फ्रॅकिंग करणार की नाही, कोणत्या विहिरीत, कोणती रसायनं, आणि परत वर येणारं पाणी कुठं साठवणार. पण सगळी काळजी फ्रॅकिंगवरच खर्च करू नका. आमच्या भागात शेतकऱ्यांना जास्त त्रास झाला तो साध्या, रोजच्या उपशानं.

आमचं जनावरांच्या पाण्याचं बोअर त्याच वालून थरातून पाणी घेतं. या पट्ट्यात अशी जुनी बोअर पुष्कळ आहेत, वायूच्या कंपन्या येण्याच्या कितीतरी आधीची. काही वर्षांनी आमच्या बोअरची पातळी उतरू लागली. मग पंप वायू ओढू लागला. खाली पाणी असूनही वर नुसती फुसफुस, मधेच एक गढूळ पिचकारी, पुन्हा फुसफुस. उन्हाळ्यात एका गाईला दिवसाला साठ-ऐंशी लिटर पाणी लागतं. ते टँकरनं आणायची वेळ आली. आम्ही कंपनीला कळवलं. उत्तर आलं की दुष्काळ आहे, आणि कोळशातल्या बोअरमध्ये वायू पूर्वीपासूनच असतो.

दुसरं म्हणणं खोटं नव्हतं. कोळशातल्या बोअरमधून बुडबुडे येणं इथल्या जुन्या शेतकऱ्यांना माहीत आहे. आमच्या भागातल्या कॉन्डमाइन नदीतून वायूचे बुडबुडे येत असल्याचं २०१२ मध्ये पुढं आलं आणि २०१६ मध्ये एका आमदारानं त्यांना काडी लावलेली दृश्यं जगभर फिरली. पण तो वायू निसर्गतः झिरपणारा किती आणि उपशामुळे सुटलेला किती, यावर वाद झाला. असा वाद तुमच्या बोअरबद्दल झाला, तर त्याचा निकाल कोण लावणार? निकाल लावतात ती जुनी मोजमापं. आम्ही जमीन घेतल्यापासून बोअरची पातळी वहीत लिहीत होतो, ती केवळ जनावरांच्या काळजीपोटी. आधीच्या दुष्काळातही पातळी जवळपास स्थिर राहिली होती, हे त्या वहीत तारखांसकट होतं. ती वही दाखवल्यानंतर कंपनीच्या बोलण्याचा सूर बदलला. आमच्यापासून थोड्या अंतरावरच्या एका वृद्ध शेतकऱ्याचं बोअर आमच्याइतकंच बिघडलं होतं, पण त्यांच्याकडे कागदावर काहीच नव्हतं. त्यांचं म्हणणं खरं असूनही त्यांना ते सिद्ध करायला फार झगडावं लागलं. याचा मला आजही राग येतो.

क्वीन्सलँडचा कायदा याबाबत बराच पुढं आहे, तेही सांगायला हवं. कंपनीच्या उपशामुळे बोअर निकामी झालं तर तिनं ते भरून द्यायचं, ही तरतूद आहे. इथं तिला ‘मेक गुड’ म्हणतात. खडकातल्या जलधरात पातळी पाच मीटरपेक्षा आणि नदीगाळाच्या थरात दोन मीटरपेक्षा जास्त उतरण्याचा अंदाज असेल, तर तो भाग धोक्याचा धरतात. हे अंदाज एक सरकारी कार्यालय बांधतं, कंपनी नव्हे. भरपाई म्हणून पंप खाली सोडता येतो, नवं बोअर पाडून घेता येतं, दुसरीकडून पाणी किंवा पैसे घेता येतात. माझा सल्ला सरळ आहे: जनावरं असतील तर पैसे शेवटी, पाणी आधी. नवं बोअर खोल असेल, तर ते चालवायला लागणारी जादा वीज आणि पुढची दुरुस्तीही लिहून घ्या. आम्ही ती लिहून घेतली, म्हणून आज बोअर चालू आहे.

आणि एक, जिवाशी गाठ असलेली गोष्ट. हवेत मिथेनचं प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगीनं स्फोट होतो. वायू येणाऱ्या बोअरवर बंद खोली बांधू नका, त्याच्या तोंडाशी विडी-सिगारेट नको, वेल्डिंग तर मुळीच नको.

जमिनीच्या उताराचा प्रश्न आम्हाला उशिरा कळला, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी आणि वायू निघून गेले की थर किंचित दबतात, आणि वरची जमीन काही सेंटिमीटर खचू शकते. गवताळ रानात याचं कुणाला काही वाटणार नाही. पण कॉन्डमाइनच्या मैदानात कापसाची शेतं लेझरनं सपाट केलेली असतात आणि पाणी अगदी हलक्या उतारावरून सरीनं वाहतं. तिथं थोडा खळगा पडला तरी पाणी साचतं आणि पीक पिवळं पडतं. यासाठी वेगळी कायदेशीर चौकट क्वीन्सलँडनं २०२४ मध्ये केली, म्हणजे विहिरी आल्यानंतर कितीतरी वर्षांनी. तेव्हा कायद्याची वाट पाहू नका. ड्रिलिंगच्या आधी शेताची उंची-सखलता मोजून घ्या आणि तो नकाशा कराराला जोडा. तिरक्या विहिरीही विसरू नका: तोंड शेजाऱ्याच्या बांधापलीकडे आणि तळ तुमच्या शेताखाली, असंही असतं.

आता फायद्यांचं. ते मी नाकारणार नाही, कारण ते आमच्या घरात आले आहेत. पाऊस नव्हता, पीक नव्हतं, त्या वर्षीही विहिरींचा मोबदला वेळेवर जमा झाला आणि त्यावर बँकेचा हप्ता गेला. उपसलेलं खारं पाणी शुद्ध करून काही शेतकऱ्यांना सिंचनासाठी मिळतं. त्यातून मागं उरणाऱ्या मिठाचं काय करायचं, हे मात्र अजून नीट सुटलेलं नाही. वीजनिर्मितीत वायू जाळला तर कोळशाच्या जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पण विहिरीतून आणि नळांतून गळणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट तापदायक आहे, त्यामुळे गळती मोजल्याशिवाय कुणी स्वच्छ इंधन म्हणालं तर मला ते पटत नाही. गावाचं म्हणाल, तर ग्लॅडस्टोनजवळच्या कर्टिस बेटावरून २०१४ च्या अखेरीस वायूची निर्यात सुरू होईपर्यंत चिंचिलात भाड्यानं खोली मिळणं कठीण होतं. बांधकाम संपलं, कामगार गेले, आणि चढ्या भावानं घरं घेतलेले लोक अडकले. त्या भरतीच्या दिवसांवर कुणी कर्ज काढू नये.

वाटाघाटीत एक गोष्ट लक्षात ठेवा: इथं जमीन तुमची असली तरी खालचा वायू सरकारचा, आणि साधारणपणे तुम्हाला नकार देण्याचा हक्क नाही. ‘गेट बंद करा’ अशी चळवळ २०१० मध्ये उभी राहिली ती याच रागातून. पण बोलणी करण्यासाठी कामकाजाचे किमान वीस दिवस कायद्यानं मिळतात, आणि वकील, हिशेबनीस, मूल्यांकन यांचा वाजवी खर्च कंपनीनं द्यायचा असतो. तो हक्क घ्या, संकोच करू नका. कंपनीनं सुचवलेला वकील घेऊ नका. विमा कंपनीला आणि बँकेला आधी लेखी विचारा. २०२० मध्ये इथल्या एका मोठ्या विमा कंपनीनं विहिरी असलेल्या शेतांना दायित्वाचं संरक्षण द्यायला हात आखडता घेतला, तेव्हा पुष्कळ जण हबकले. करार जमिनीबरोबर पुढच्या मालकालाही लागू होतो, म्हणून मुलांनाही वाचायला द्या.

भारतातही कोळशातला वायू निघतो. राणीगंजमध्ये २००७ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झालं, मध्य प्रदेशात शहडोलकडे सोहागपूर क्षेत्रात विहिरी आहेत. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या दारात बहुधा वायूची पाइपलाइन येते. त्यासाठी १९६२ चा कायदा आहे. त्यात जमीन तुमच्या नावावरच राहते, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही, आणि वापराच्या हक्काचा मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के ठरतो. पिकाचं नुकसान वेगळं. नोटीस आली की हरकतीची मुदत आधी बघा. वणीच्या आमच्या भावकीला मी आणखी एक सांगून ठेवलं आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी बहुतेक तालुक्यांत आहेत. जवळच्या निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदी अर्ज करून मागून घ्या, आपल्या विहिरीची पातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर स्वतः मोजा, पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत स्वतःच्या नावानं तपासा, आणि पावतीवर तारीख नीट उमटली आहे ना, तेवढं पाहा.