सात हाली, सहा कलदार

हिंगोली जिल्ह्यातील जुन्या घरांत दोन तऱ्हेचे रुपये अजूनही जपून ठेवलेले आढळतात. एकावर चारमिनार असतो. तो निजामाचा हाली रुपया. दुसऱ्यावर इंग्लंडच्या राजाचे किंवा राणीचे मुख असते. तो ब्रिटिश कलदार. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. तेव्हाचा हिशेब असा : सात हाली म्हणजे सहा कलदार. सातास सहाच का? नाण्यातील धातूलाच विचारू.

कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. १९३९ पर्यंतच्या कलदारात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे, म्हणजे १०.६९ ग्रॅम. युद्धापूर्वीचा हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा. त्यात चांदी शेकडा ८१.८ भाग, म्हणजे ९.१४ ग्रॅम. आता गुणाकार करा. सात हालींत ६४.० ग्रॅम चांदी, सहा कलदारांत ६४.१ ग्रॅम! दर चांदीच्या तोलाशी असा जुळतो.

पुढे महायुद्ध आले. १९४० पासून कलदारातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. तरीही १९५० मध्ये हैदराबादेत भारतीय रुपया सुरू झाला, तेव्हा दर सातास सहा हाच होता. चांदी गेली, पण सरकारची हमी राहिली; मोल त्या हमीचे होते. १९५९ मध्ये हाली चलनातून बाद झाला. आज त्याचे मोल चांदीपुरते, किंवा संग्राहक देईल तेवढे.

म्हणून घरातले रुपये मोडीत देण्यापूर्वी ते ओळखता आले पाहिजेत. प्रथम चुंबक लावा. निकेलचा रुपया चिकटेल, चांदीचा चिकटणार नाही. मग शाळेतील सूक्ष्म तराजूवर नाणे आधी हवेत आणि नंतर दोऱ्याने पाण्यात टांगून तोला. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार हवेतील वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागले की सापेक्ष घनता मिळते. १९३९ पर्यंतच्या कलदाराची ती सुमारे १०.३, त्यानंतरच्या निम्म्या चांदीच्या कलदाराची ९.५ आणि निकेलच्या रुपयाची ८.९ येते. नाणे झिजले तर वजन घटते. घनता मात्र बदलत नाही. नाणे घासू किंवा कापू नका. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते.

आता एक गणित. चांदीची घनता १०.५, तांब्याची ९.० धरा. हालीतील उरलेला भाग तांब्याचा मानल्यास त्याची घनता किती येईल? आधी कागदावर काढा, मग तोलून पाहा.