नाळेतील रक्त आणि त्याचा वैद्यकीय उपयोग

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या काळी तेथे धन्वंतरी महाल ही वैद्यकसंस्थाही चालत असे. देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही उपचारपद्धतींचा तेथे अभ्यास होई. त्या काळच्या नेत्ररोग्यांची टिपणे, रोगट डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, या ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. रोग्यास काय झाले होते, कोणता उपाय केला आणि गुण काय आला, हे लिहून ठेवण्याची ही शिस्त होय.

तामिळ प्रदेशात एक जुनी चाल आहे. तान्ह्या मुलाची नाळ वाळून गळली म्हणजे तिचा तुकडा ताइतात घालून मुलाच्या अंगावर बांधतात. (आपल्याकडे नाळ पुरतात, जन्मगावाशी माणसाचे नाते त्यावरूनच सांगितले जाते.) नाळेतील रक्तावर दुर्धर रोग बरे होऊ लागल्यापासून, हा ताईत म्हणजे पूर्वजांनी करून ठेवलेला मूलपेशींचा साठाच होता, असे म्हणणारे भेटतात. या म्हणण्यास धन्वंतरी महालाचीच कसोटी लावली पाहिजे.

मूलपेशी म्हणजे ज्यांपासून रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व बिंबाणू हे सर्व निर्माण होतात त्या जननक्षम पेशी. मोठ्या माणसात त्या मुख्यतः अस्थिमज्जेत असतात. जन्मसमयी नाळ व वार यांतील रक्तातही त्या विपुल असतात. परंतु त्या जिवंत असल्या तरच उपयोगी. गळलेली नाळ हे वाळलेले, मृत ऊतक असते. त्यात रक्त निर्माण करू शकेल अशी एकही पेशी उरत नाही. ताइतामागची माया खरी, पण तो साठा नव्हे. साठा करावयाचा तर प्रसूतीनंतर लगेच नाळेच्या शिरेतून रक्त पिशवीत घेऊन, दोन दिवसांच्या आत त्यावर प्रक्रिया करून, ते द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने उणे 196 अंश सेल्सियसच्या आसपास गोठवावे लागते. अशा स्थितीत पेशी वीस वर्षांहून अधिक काळ टिकल्याचे आढळले आहे.

पहिला प्रयोग 1988 साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात झाला. फँकोनी पंडुरोगाने पीडित अशा पाच वर्षांच्या अमेरिकन मुलास त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त डॉ. एलियान ग्लुकमन यांनी दिले. पंचवीस वर्षांनंतरही तो निरोगी होता. त्यानंतर रक्ताचा कर्करोग, थॅलॅसेमिया आणि जन्मजात प्रतिकारदौर्बल्य यांवर हा उपचार होऊ लागला. या रक्तातील प्रतिकारपेशी अननुभवी असल्याने दाता व रोगी यांची ऊतके पूर्णपणे जुळली नाहीत तरी चालते, हा त्याचा मोठा गुण. दोषही आहे. एका नाळेत रक्त जेमतेम अर्धा-पाऊण पेला. मोठ्या माणसास तेवढ्या पेशी पुष्कळदा अपुऱ्या पडतात आणि नव्या पेशींचा जम बसण्यास बरेच आठवडे लागतात. म्हणूनच अलीकडे अर्धी ऊतके जुळणाऱ्या आईबापांच्या मूलपेशी वापरण्याकडे वैद्यांचा कल वाढला आहे.

वरील मुलास रक्त मिळाले ते बहिणीचे, स्वतःचे नव्हे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. थॅलॅसेमियाचा दोष मुलाच्या प्रत्येक पेशीत असतो. म्हणून त्याच्या नाळेतही तो असणारच. ते रक्त परत देऊन रोग कसा हटावा? 2004 साली चेन्नईत नाळेचे रक्त पैसे घेऊन साठविणारी खाजगी पेढी निघाली, पुढे इतर शहरांतही निघाल्या, आणि मुलाचा जन्मभराचा विमा म्हणून या साठ्याची जाहिरात होऊ लागली. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली अशा विम्यास अनुकूल मत दिले नाही. स्वतःचे रक्त स्वतःस लागण्याचा संभव पहिल्या वीस वर्षांत अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकाच आहे, असे तिने दाखविले. घरात आधीचे मूल अशा रोगाने आजारी असेल, तर मात्र येणाऱ्या भावंडाच्या नाळेचे रक्त राखून ठेवणे युक्त ठरते. ज्यांची अशी गरज नाही, त्यांनी ते सार्वजनिक पेढीस दिल्यास कोणाही जुळणाऱ्या रोग्यास ते लाभू शकते.

या रक्तावर पहिला हक्क मात्र नवजात बालकाचा आहे. नाळ कापण्यापूर्वी निदान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण त्या अवधीत वारेतील रक्त बाळाकडे जाते आणि पुढील काही महिने पुरणारे लोह त्यास मिळते. साठ्याची पिशवी अधिक भरावी म्हणून नाळ घाईने कापणे योग्य नव्हे.